कुपोषणाची परिभाषा : शासकीय मराठीचे एक परीक्षण

महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ साली असा एक अधिनियम संमत केला, की ज्याचा विषय केवळ एक शब्द होता. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळावा व त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घालावा, हे त्या अधिनियमाचे प्रयोजन. त्याचे कारणही त्यात नमूद केले आहे. पीकपाण्यावर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच निवारणाचे उपाय योजिले जातात, सबब दुष्काळास आता वाव उरलेला नाही, असा त्याचा आशय होय. कायद्याने वस्तू निषिद्ध ठरविल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वस्तूचे नाव निषिद्ध ठरविल्याचे उदाहरण विरळा.

हा बदल निव्वळ शाब्दिक होता, असे मात्र म्हणता येत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांत दुष्काळ जाहीर करणे ही एक कृतीच होती. तो शब्द अधिकृतपणे उच्चारला, की कामे काढणे व अन्न पुरविणे सरकारवर बंधनकारक होई. १९४३ मध्ये बंगालच्या सरकारने तो उच्चारला नाही, आणि लाखो माणसे मेली तरी संहिता कपाटातच राहिली. शब्दाला असे बंधन चिकटलेले असते म्हणूनच तो टाळण्याचा मोह होतो.

आता मराठी शब्दांकडे वळू. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे भिक्षा मिळणे दुर्घट व्हावे असा काळ. येथे देणारा व मागणारा या दोघांतील संबंध तुटल्याची जाणीव आहे. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ. तो माणसांवर येतो, पडतो. ‘टंचाई’ मात्र माणसांची नसते, वस्तूची असते : पाणीटंचाई, चाराटंचाई. दुष्काळाच्या जागी टंचाई आली, की वाक्यातला कर्ता बदलतो आणि उपाशी माणूस वाक्याबाहेर जातो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात उपासमार ही अन्नाच्या साठ्यापेक्षा अन्नावरील अधिकाराची बाब आहे असे प्रतिपादन केले. तो विचार ‘दुर्भिक्ष’ शब्दात बीजरूपाने होता. ‘टंचाई’त तो मावत नाही. लोकांनी हा अधिनियम कधी मानला नाही, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. ज्या वर्षी सुकडी आणि मिलो खाऊन माणसे खडी फोडीत होती, त्या वर्षाला कोणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हणत नाही. पुढे शासनालाही तो शब्द परत घ्यावा लागला, पण केवढ्या संकोचाने! ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी ‘दुष्काळसदृश’ व मग १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. अर्थात हा दुष्काळ पावसाचा, भुकेचा नव्हे. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्याने हा पालट कोणाच्या लक्षातही आला नाही.

भूक ज्या शब्दात जाऊन बसली तो शब्द ‘कुपोषण’. ‘कु’ हा उपसर्ग न्यूनता दाखवीत नाही. तो दोष दाखवितो : कुकर्म, कुसंगत, कुपुत्र. पोषण कमी पडले असे म्हणावयाचे, तर ‘न्यूनपोषण’ किंवा ‘अल्पपोषण’ हे शब्द हाताशी होते. ‘कुपोषण’ म्हणताच पोषण करणारीच्या हातून काही चुकले, असा ध्वनी उमटतो. आणि आईने काय खाऊ घालावे, हात कसे धुवावे, याचे उपदेशपर फलक त्या ध्वनीशी जुळते असतात. उपदेश निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. घरात धान्य नसताना तो गैरलागू ठरतो, एवढेच.

मात्र सर्वांत महाग पडलेला शब्द ‘तीव्र’ हा आहे, असे मला वाटते. वैद्यकाच्या इंग्रजीत ‘अक्यूट’ म्हणजे अल्पावधीत उद्भवलेले, आणि ‘सिव्हिअर’ म्हणजे भारी. मराठीने पहिल्यासाठी ‘तीव्र’ योजिले, दुसऱ्यासाठीही बहुधा तेच, किंवा ‘अतितीव्र’. त्यामुळे ‘सॅम’ बालक कधी ‘अतितीव्र कुपोषित’, कधी नुसते ‘तीव्र कुपोषित’ ठरते. ‘मॅम’ हे ‘मध्यम’, तर कधी ‘मध्यम तीव्र’, म्हणजे एकाच वेळी मध्यम आणि तीव्र. कालाचा भेद गेला व केवळ मात्रेचा भेद उरला. परिणाम असा, की ज्या मुलाची उंची वर्षानुवर्षांच्या अर्धपोटी राहण्याने खुंटली, पण वजन त्या खुंटलेल्या उंचीच्या प्रमाणात आहे, ते या शिडीच्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. त्याला ‘खुजे’ वा ‘बुटके’ म्हणतात. हे तर अंगलक्षणाचे शब्द झाले. खुजेपणा म्हणजे आनुवंशिक बांधा, असेच कोणीही समजेल. पेरूच्या शासकीय स्पॅनिशमध्ये नेमक्या याच अवस्थेला ‘दीर्घकालीन कुपोषण’ या अर्थाची संज्ञा आहे. तेथे हे प्रमाण २००८ च्या सुमारास २८ टक्क्यांच्या घरात होते, ते २०१६ मध्ये १३ टक्क्यांवर आले. हे श्रेय संज्ञेचे नव्हे. पैसा, आरोग्यसेवा व राजकीय वचन यांचे आहे. परंतु मोजावयाची वस्तू कोणती याविषयी तेथे संदिग्धता नव्हती. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले खुंटलेली आढळली, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३५.२. याच काळात अतिकृश मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. तेव्हा ज्या शिडीवर सारा भर होता, तीही कामास आली असे दिसत नाही.

या परिभाषेबाहेरून आलेला सर्वांत प्रभावी शब्द ‘कोवळी पानगळ’ हा होय. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालमृत्यूंवरील अहवालास हे नाव दिले आणि दबलेला विषय एका फटक्यात लोकांपुढे आणला. त्याचे ऋण मान्य करूनही एक शंका उरते : पानगळ ही निसर्गाची, तिला कर्ता नसतो.

शेवटी ‘लाभार्थी’. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नविषयक योजना हक्कात रूपांतरित झाल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने त्यावर संसदेची मोहोर उमटविली. त्या अधिनियमाच्या आठव्या कलमान्वये ठरलेले धान्य वा आहार न मिळाल्यास राज्य शासनाकडून भत्ता मिळण्याचा अधिकार आहे. असे असता शासकीय मराठीत अंगणवाडीतले मूल व गरोदर स्त्री अद्याप ‘लाभार्थी’च आहेत. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, याचक. ज्याला लाभ हवा आहे त्याला तो मिळाला नाही, तर निराशा होते. ज्याचा हक्क आहे त्याला तो मिळाला नाही, तर कसूर होते, आणि कसुरीला कोणीतरी जबाबदार असतो. ‘हक्कदार’ हा शब्द मराठीत जुना आहे, सातबारा पाहणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास तो कळतो. तो या नोंदवह्यांत का आला नाही, याचा शोध अनुवाद करणाऱ्या विभागांच्या कोशांत घ्यावयाचा की अन्यत्र, हा प्रश्न येथे सोडवावयाचा नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी १९७५ पासूनची एकात्मिक बालविकास योजनेची परिपत्रके क्रमाने वाचून काढल्यास तो सुटण्याजोगा आहे.