सामंतची साक्ष

तालमीला एखादा नट आला नाही, की आमच्याकडं बसलेल्यांतल्याच कुणाला तरी उभं करतात. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. त्यात गावातल्या सामंतला असंच साक्षीदार करतात. या खोट्या खटल्याला लिहिलेले संवाद नाहीत. मग जो तो मनातलं बोलतो, आणि गंमत म्हणून आरोपी केलेल्या बेणारेबाईचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. सामंत तर कादंबरीतलं रचून सांगतो, ते नेमकं बाईला लागतं.

खेडवळ, भोळा म्हणून लोक त्याला सोडून देतात. मला ते पटत नाही. पारावर ऐकीव गोष्टी रंगवणारे आम्हीही भोळेच. पण त्यानं एखादी बाई आयुष्यातून उठते. शेवटी सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून गुपचूप जातो. तेवढ्यानं साक्ष पुसली जात नाही.