व्हिडिओ गेमची रचना शिकविणारे ग्रंथ : लक्षण आणि अभ्यास

कोणतीही कला ग्रंथावरून शिकता येते काय, हा प्रश्न जुनाच आहे. राजशेखराची 'काव्यमीमांसा' आणि क्षेमेंद्राचे 'कविकंठाभरण' हे ग्रंथ कवी होऊ इच्छिणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले गेले. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना एकत्र गोवले, आणि हा अभ्यास काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीने व्हावा असेही म्हटले. ग्रंथ निपुणतेला साहाय्य करू शकतो. अभ्यास मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. गेल्या चाळीस वर्षांत व्हिडिओ गेमची रचना शिकविणारे जे इंग्रजी ग्रंथ निर्माण झाले, त्यांचे मूल्य ठरवितानाही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. यांपैकी बहुतेक ग्रंथ लक्षणग्रंथ आहेत. अभ्यासग्रंथ थोडे आहेत. प्रतिष्ठा मात्र पहिल्यांना अधिक लाभली आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. येथे 'रचना' म्हणजे संगणकाची आज्ञावली लिहिणे नव्हे, किंवा पडद्यावरील चित्रे काढणे नव्हे. खेळणाऱ्याला काय करता यावे, काय करता येऊ नये, कोणत्या कृतीचे कोणते फळ मिळावे, आणि या सर्वांतून त्याच्या मनाची कोणती अवस्था व्हावी, याची योजना म्हणजे रचना होय. ही योजना करणारा रचनाकार खेळ चालू असताना तेथे हजर नसतो. त्याच्या हाती केवळ नियम असतात. खेळ घडतो तो दुसऱ्याच्या हातून.

या विषयावरील आरंभीच्या ग्रंथांत ख्रिस क्रॉफर्ड यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर गेम डिझाइन' या ग्रंथाचे स्थान अग्रगण्य आहे. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, आणि क्रॉफर्ड ज्या अटारी कंपनीत काम करीत होते, तिलाही त्याचा जबर तडाखा बसला होता. अशा वेळी हा धंदा नसून कला आहे, असे ठासून सांगणे हे धाडसच होते. क्रॉफर्ड यांनी खेळाची चार अंगे मानली : प्रतिरूपण, परस्परक्रिया, संघर्ष आणि सुरक्षितता. यांतील शेवटचे अंग विशेष मार्मिक आहे. संकटाचा अनुभव घ्यावा, पण त्याची खरी किंमत मोजावी लागू नये, हे खेळाचे वैशिष्ट्य त्यात नेमके पकडले आहे. याच ग्रंथात खेळांचे वर्गीकरणही आहे. ते लवकरच अपुरे पडेल हे क्रॉफर्ड यांनी स्वतःच मान्य केले होते, आणि तसे ते पडलेही. याउलट, आर्थर राजाच्या कथेवर आधारलेला त्यांचा 'एक्सकॅलिबर' हा खेळ कसा घडत गेला, हे सांगणारे अखेरचे प्रकरण आजही वाचनीय आहे. व्याख्या आणि वर्ग जुने झाले, परंतु एका कारागिराने आपल्या हातातील कामाचा दिलेला हिशेब जुना झाला नाही, ही गोष्ट पुढील सर्व ग्रंथांचा विचार करताना सूचक ठरते.

लक्षणग्रंथांच्या परंपरेचा कळस म्हणजे केटी सेलन आणि एरिक झिमरमन यांचा 'रूल्स ऑफ प्ले' हा २००३ सालचा बृहद्ग्रंथ होय. नियम, खेळणे आणि संस्कृती अशा तीन दृष्टींनी त्यात खेळाची मीमांसा केली आहे. योहान हौझिंगा यांच्या १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथातील 'जादूचे वर्तुळ' हा शब्दप्रयोग खेळरचनेच्या चर्चेत रूढ झाला, तो प्रामुख्याने या दोघांमुळे. रचनाकार नियम रचतो, अनुभव रचीत नाही; म्हणून त्याची रचना ही दुसऱ्या पायरीवरची रचना असते, हा त्यांचा सिद्धांत या विषयातील सर्वांत मोलाचा विचार म्हणावा लागेल.

मराठी वाचकाला या सिद्धांताचे प्रत्यंतर मेंढीकोटाच्या डावात सहज मिळेल. 'कट हुकूम' या प्रकारात, उतरलेल्या रंगाचे पान हाती नसलेला पहिला खेळाडू जे पान टाकतो, त्याचा रंग हुकूम ठरतो. 'बंद हुकूम' या प्रकारात एका खेळाडूने आधीच पालथे ठेवलेले पान हुकूम ठरविते, आणि ते उघड होईपर्यंत तो रंग इतरांना ठाऊक नसतो. पाने तीच, माणसे तीच, दहिल्या जिंकण्याचा हेतूही तोच. तथापि पहिल्या प्रकारात हाती एखादा रंग नसणे ही उणीव न राहता संधी होते, तर दुसऱ्यात सारा डाव तर्कावर आणि संशयावर चालतो. नियम एक बदलला, आणि खेळणाऱ्यांची मने बदलली. 'कंटाळा येऊ नये' असा नियम करता येत नाही. हुकूम कसा ठरावा, एवढाच नियम करता येतो.

परंतु इतका मर्मग्राही सिद्धांत सांगणारा हा ग्रंथ आपले पुष्कळसे बळ व्याख्येच्या सीमा आखण्यात खर्च करतो. खेळाचा शेवट मोजता येण्याजोग्या फलाने झाला पाहिजे, असे या ग्रंथकारांच्या व्याख्येत एक कलम आहे. त्यामुळे पात्रांची सोंगे घेऊन खेळावयाचे खेळ सीमेवर राहतात, आणि ही अडचण ते स्वतः नोंदवितात. १९८९ सालच्या 'सिमसिटी'ची गतही तीच. तिचे कर्ते विल राइट यांनी तिला खेळापेक्षा खेळणे म्हणणेच पसंत केले. शिवाय 'गेम' आणि 'प्ले' या शब्दांचा जो भेद इंग्रजीत सहज साधतो, तो सर्व भाषांत साधत नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांत दोन्हींचा धातू एकच आहे. मराठीतही आपण खेळ खेळतो, आणि नाटकाचा होतो तोही 'खेळ'च. येथे खेळ या शब्दात नियम, कृती आणि प्रयोग ही तिन्ही एकत्र नांदतात. मराठीत हा विषय शिकविणाऱ्याने इंग्रजी व्याख्येचे शब्दशः रूपांतर केले, तर जो भेद भाषेलाच अपरिचित आहे तो समजावण्यातच पहिले सत्र संपेल.

राफ कोस्टर यांचा 'अ थिअरी ऑफ फन फॉर गेम डिझाइन' हा २००४ सालचा ग्रंथ प्रकृतीने अगदी निराळा आहे. तो आटोपशीर आहे, व्यंगचित्रांनी सजलेला आहे, आणि त्यात एकच प्रतिपाद्य आहे : खेळातील मौज म्हणजे शिकण्याचा आनंद होय. मेंदू आकृतिबंध शोधतो. तो हाती लागला की कंटाळतो. फुली-गोळ्याचा खेळ मुलांना काही काळ रमवितो आणि बरोबरी कशी साधावी हे कळताच टाकून दिला जातो, हा त्यांचा दाखला निरुत्तर करणारा आहे. तरीही या उपपत्तीत एक अव्याप्ती राहते. ज्यांना शिकण्याजोगे काही उरलेले नाही, अशी वृद्ध मंडळी वर्षानुवर्षे तोच पत्त्यांचा डाव मांडतात, तो कशासाठी? कोस्टर अशा सुखांना मौजेहून वेगळी नावे देतात. ही व्यवस्था तर्कशुद्ध आहे. परंतु रचनाकाराला ती सर्वच सुखे निर्माण करावयाची असतात, त्यांना नावे देऊन त्याचे काम भागत नाही.

जेसी शेल यांच्या 'द आर्ट ऑफ गेम डिझाइन' या २००८ सालच्या ग्रंथाने व्याख्येऐवजी प्रश्नाचा आश्रय घेतला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. पहिल्या आवृत्तीत शंभर 'भिंगे' आहेत. प्रत्येक भिंग म्हणजे आपल्याच खेळाकडे पाहण्याची काही प्रश्नांची एक चौकट. ग्रंथकार येथे निवाडा देत नाही, वाचकाला आपल्या कामाकडे परत पाठवितो. उणीव एवढीच की शंभर भिंगांपैकी या घटकेला कोणते उचलावे, हे सांगणारे भिंग त्यांत नाही. ते ज्ञान केवळ अनुभवाने येते, आणि नवशिक्याजवळ नेमका तोच नसतो.

हा अनुभव देण्याची जबाबदारी पत्करणारे ग्रंथ संख्येने थोडे आहेत. ट्रेसी फुलर्टन यांचा 'गेम डिझाइन वर्कशॉप' (२००४) आणि ब्रेंडा ब्रेथवेट व इयन श्रायबर यांचा 'चॅलेंजेस फॉर गेम डिझायनर्स' (२००८) हे त्यांत प्रमुख होत. दोन्हींचा रोख एकच आहे. संगणकाला हात लावण्यापूर्वी कागद, फासे आणि सोंगट्या घेऊन कच्चा नमुना तयार करावा, आणि तो दुसऱ्यापुढे ठेवावा. खेळणारा चुकला तरी रचनाकाराने त्याला समजावू नये, केवळ पाहावे, ही शिस्त फुलर्टन यांच्या पद्धतीचा गाभा आहे. ज्याला आपला खेळ तोंडाने समजावून द्यावा लागतो, त्याचा नियम अद्याप पुरा झालेला नाही, हे अशा एका बैठकीत जितके कळते तितके व्याख्येच्या शंभर पृष्ठांत कळत नाही.

तथापि कागदालाही मर्यादा आहे, आणि ती या ग्रंथांतून पुरेशी ठसत नाही. व्हिडिओ गेममध्ये बोटाची हालचाल आणि पडद्यावरील हालचाल यांचा जो तत्क्षणी सांधा जुळतो, तो फाशांनी दाखविता येत नाही. स्टीव्ह स्विंक यांचा 'गेम फील' हा २००८ सालचा ग्रंथ याच सांध्याचा अभ्यास करतो. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण अधिक वेळ दाबून धरले तर उडी अधिक उंच जाते, आणि वर जाताना व खाली येताना गुरुत्वाचे मान निरनिराळे असते. या बारकाव्यांमुळेच ती उडी हाताला जिवंत वाटते. असे विवेचन वाचून थांबणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही. आकडे स्वतः बदलून, उडी पुन्हापुन्हा मारून पाहणाऱ्यालाच आहे. अखेर येथेही ग्रंथ अभ्यासाच्या दारापाशी आणून सोडतो.

हा विचार मराठी भाषकांना दूरचा राहिलेला नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगापुढे आला. या व्यवसायाकडे वळणारे विद्यार्थी वाढत जातील, आणि त्यांच्या हाती पहिला ग्रंथ कोणता द्यावा हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहील. आकाराने आणि पांडित्याने भारदस्त ग्रंथ आधी देण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की विद्यार्थ्याला खेळाची चार लक्षणे मुखोद्गत असतात आणि त्याने रचलेला एकही खेळ कोणी खेळलेला नसतो. म्हणून क्रम उलटा असावा. प्रथम फुलर्टन किंवा ब्रेथवेट-श्रायबर यांच्या पाठांनुसार एक लहानसा, अपुरा का होईना, खेळ करून तो परक्या माणसाच्या हाती द्यावा. तो फसल्यावर शेल यांची भिंगे हाती घ्यावीत. मग कोस्टर, क्रॉफर्ड आणि स्विंक. 'रूल्स ऑफ प्ले' सर्वांत शेवटी वाचावा. तो कमी मोलाचा आहे म्हणून नव्हे. रचनाकार अनुभव रचीत नाही, हे त्यातील सत्य ज्याला एकदा स्वतःच्या खेळाने दगा दिला आहे, त्यालाच पुरते उमगते म्हणून.