स्वतःशी सौम्यता

जिनेव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचा ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा फ्रेंच ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या भागातील नववे प्रकरण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. विषय आहे, स्वतःशी सौम्यतेने वागणे. रागावल्याबद्दल स्वतःवरच रागावणे ह्यात संतांना पश्चात्ताप दिसत नाही. दुखावलेला अहंकार दिसतो. क्रोधाने ओरडण्यापेक्षा पित्याने मायेने समजावले तर मूल लवकर सुधारते. आपल्या अंतःकरणाचेही तसेच, हा त्यांचा दृष्टान्त नेमका आहे.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ ह्यांनी २००३ साली आत्मकरुणेची मांडणी केली. तिच्यातही स्वतःविषयीचा दयाभाव हा पहिला घटक आहे. संत मात्र त्यापुढे जाऊन खचलेल्या मनाला देवाच्या दयेवर विसंबावयास शिकवितात.

एक उणीव जाणवते. अहंकाराने स्वतःवर चिडणारा माणूस संतांनी अचूक ओळखला. परंतु इतरांच्या टोमण्यांनीच जिची मान खाली गेली, तिच्याविषयी हे प्रकरण अबोल आहे. अशी माणसे ‘आम्ही अपात्र’ म्हणत कुमसारालाही येत नाहीत. त्यांच्या हाती हा ग्रंथ आपण जरूर द्यावा. त्याआधी आपले टोमणे थांबवावेत.