फळ्याचा कोपरा आणि फोनचा पडदा

कोणत्याही मराठी शाळेच्या वर्गात शिरल्यावर फळ्याचा वरचा कोपरा पाहावा. तेथे वार, दिनांक, पट, हजर अशा चार ओळी असतात. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता जाता दारातूनच त्या वाचतात. हजेरीपट उघडावा लागत नाही, शिक्षकांचा तास मोडावा लागत नाही. फळ्याचा बाकीचा भाग दिवसातून पाच-सहा वेळा पुसला जातो, पण या कोपऱ्याला कोणी हात लावत नाही.

एका खेड्यातल्या शाळेत आम्ही काही दिवस जात होतो. तेथे या कोपऱ्याचा आणखी एक उपयोग होता. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी वर्गात डोकावून ‘हजर’चा आकडा पाहत आणि माणशी १०० ग्रॅम या हिशेबाने तांदूळ काढत. एका बुधवारी फळ्यावर ४१ लिहिलेले होते. मावशींनी त्याप्रमाणे तांदूळ काढला. पंगत बसली तेव्हा मुले निघाली ५८. आदला दिवस आठवडी बाजाराचा असल्याने तेव्हा मुले कमी होती आणि बुधवारी सकाळी आकडा बदलायचा राहून गेला होता. १७ मुलांचा, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास तांदूळ कमी पडला. शेवटी सर्वांनाच थोडे थोडे कमी वाढावे लागले. फळ्यावर आकडा नसता तर मावशींनी विचारले असते. आकडा होता, स्वच्छ अक्षरात होता, म्हणून त्यांनी विचारले नाही.

स्मार्टफोनच्या होम स्क्रीनवरील ‘विजेट’ या प्रकाराची चर्चा निघाली की आम्हाला हा कोपरा आठवतो. विजेट म्हणजे ॲप न उघडता त्यातील थोडी माहिती पडद्यावर दाखवणारी चौकट. त्यात घड्याळ, तापमान, कॅलेंडर, पावलांची मोजणी, क्रिकेटचा धावफलक, बातम्या असे काहीही असते. तिचा फायदा होतो का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. काही जण पडदा चौकटींनी भरून टाकतात, तर काही जण एकही ठेवत नाहीत. हा आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल. पण त्याच्या मुळाशी मापनाचा प्रश्न आहे, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकांनी सोडू नये असे आम्हाला वाटते.

ही कल्पना नवी नाही. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिन्टॉश संगणकावर एका वेळी एकच मोठा प्रोग्राम चालवता येई. म्हणून त्याच्या जोडीला गणनयंत्र, गजराचे घड्याळ अशी छोटी साधने दिलेली होती. फोनच्या बाबतीत दोन घराणी झाली. २००७ चा आयफोन म्हणजे आयकॉनच्या सरळ रांगा. त्यातील कॅलेंडरच्या आयकॉनवर खरी तारीख दिसे, पण हवामानाच्या आयकॉनवर बाहेर काहीही असले तरी कायम तेच ऊन आणि तोच आकडा! अँड्रॉइडवर २००८ पासूनच काही विजेट होती आणि २००९ मध्ये इतर ॲप बनवणाऱ्यांनाही ती करता येऊ लागली. २०१० साली मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनवर आयकॉनच काढून टाकले आणि त्या जागी बदलत्या माहितीच्या फरश्या बसवल्या. ती प्रणाली आता बंद झाली आहे. आयफोनच्या होम स्क्रीनवर विजेट यायला मात्र २०२० साल उजाडले.

विजेटच्या बाजूचा मुद्दा आधी नीट मांडू. तापमान पाहण्यासाठी ॲप उघडायचे म्हणजे ते शोधायचे, त्यावर बोट टेकवायचे, ते उघडेपर्यंत थांबायचे आणि परत यायचे. हे काही सेकंदांचे काम आहे आणि केवळ तेवढ्या बचतीसाठी आम्ही विजेटची वकिली करणार नाही. पण ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना मोठ्या आकड्यांची चौकट चष्म्याशिवाय वाचता येते, हा लहान फायदा नव्हे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ॲप उघडणारा माणूस तेथेच रेंगाळतो. तारीख पाहायला फोन हातात घेतला आणि अर्धा तास गेला, हा अनुभव वाचकांनाही असेल. तारीख बाहेरच दिसली तर आत जायचे कारणच उरत नाही.

आता विजेट चालते कसे ते पाहू, कारण खरा गुंता तेथेच आहे. ते जिवंत दिसते, पण बहुतेक वेळा ते चालू नसते. आयफोनवर ॲप पुढील काही काळाची चित्रे आधीच तयार करून फोनच्या प्रणालीकडे सोपवते आणि प्रणाली ती वेळ आली की एकेक दाखवते. एखाद्या शिक्षकाने आठवड्याचे सुविचार सोमवारीच कागदांवर लिहून द्यावेत आणि शिपाईमामांनी रोज एक लावावा, तसेच. अँड्रॉइडवर ॲप चौकटीचे वर्णन देते आणि होम स्क्रीन ती रंगवते. दोन्हीकडे नवी माहिती किती वेळा आणायची यावर बंधन आहे, नाहीतर बॅटरी दुपारीच संपेल. अँड्रॉइडच्या नेहमीच्या पद्धतीत हे अंतर ३० मिनिटांपेक्षा कमी करता येत नाही. त्याहून लवकर बदल हवा असेल तर ॲपला वेगळी खटपट करावी लागते. आयफोनवर वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा नूतनीकरणाची मुभा मिळते.

हे कळले की विजेटमध्ये काय दाखवावे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. तारीख, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राची कला, भरती-ओहोटीच्या वेळा ही सारी आधी गणित करून ठेवता येणारी माहिती आहे. तिची चित्रे आज करून ठेवली तरी ती उद्या शिळी होत नाहीत. बॅटरीचा आकडा फोनच्या पोटातच असतो. या गोष्टींसाठी विजेट उत्तम. क्रिकेटचा धावफलक मात्र आधी कोणालाच ठाऊक नसतो. टी-ट्वेंटीच्या २० षटकांना साधारण दीड तास लागतो, म्हणजे अर्ध्या तासात सहा-सात षटके होऊन जातात. तेवढ्यात सामना फिरतो. मागचा धावफलक ठळक अक्षरांत दाखवणारी चौकट, न दाखवणाऱ्या चौकटीपेक्षा वाईट.

तापमानाची गोष्ट याहून नाजूक आहे. होम स्क्रीनवर ३१ अंश दिसले की विद्यार्थी समजतात, फोनने हवा मोजली. बहुतेक फोनमध्ये हवेचे तापमान मोजणारे साधनच नसते. जे संवेदक असतात ते बॅटरीचे किंवा आतल्या भागांचे तापमान पाहतात. पडद्यावरचा आकडा येतो तो हवामानाच्या संगणकीय प्रारूपातून. हे प्रारूप पृथ्वीच्या पृष्ठभागावर काही किलोमीटर रुंदीच्या घरांची जाळी कल्पून प्रत्येक घरासाठी एक मूल्य काढते. वाई आणि पाचगणी यांच्यात पसरणीचा एकच घाट आहे, पण उंचीत फरक सुमारे ६०० मीटरचा. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने दोन्ही गावांच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक पडायला हवा. जाळीचे घर मोठे असेल तर दोघांनाही एकच आकडा मिळण्याचा संभव असतो. काही सेवा उंचीची दुरुस्ती करून देतात, पण तशी केली आहे की नाही हे चौकटीवर लिहिलेले नसते. आकडा कितीचा आहे, कुठला आहे आणि केव्हाचा आहे या तीन गोष्टींपैकी पहिलीच तेवढी मोठ्या अक्षरांत असते.

आमची मुख्य तक्रार हीच आहे. आपण प्रयोगवहीत एककाशिवाय लिहिलेल्या उत्तराचे गुण कापतो. मग वेळ न लिहिलेले निरीक्षण कसे चालते? त्या खेड्यातल्या शाळेत बुधवारच्या प्रकारानंतर बाईंनी ‘हजर’ या शब्दाखाली पाचवी ओळ सुरू केली: ‘वेळ’. ‘हजर ५८, वेळ ११.१५.’ खडूचे चार फटकारे जास्त, पण मावशींना तेवढे पुरले. मोठमोठ्या ॲपच्या चौकटींत एवढी ओळ सापडत नाही, कारण तिने म्हणे चौकटीची शोभा जाते!

ओझरत्या नजरेने वाचायचे साधन चुकीचे वाचले गेले तर काय होते, याचा अभ्यास विमानविद्येत फार पूर्वी झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि त्यांचे सहकारी जोन्स यांनी १९४७ साली वैमानिकांकडून उपकरणे वाचताना झालेल्या चुका गोळा केल्या. अनेक काट्यांचे उंचीमापक वाचताना वैमानिक पुष्कळदा हजार फुटांनी चुकत होते. उपकरण बरोबर होते, वैमानिक कुशल होता, तरी चूक होत होती. दोष मांडणीत आहे असे म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. ती अशा अभ्यासांतून रुजली.

आता जागेचा प्रश्न. आयफोनवर सर्वांत लहान विजेट चार आयकॉनची जागा घेते, मधले आठ आणि मोठे सोळा. जागा गेली की आयकॉन पुढच्या पानावर सरकतात आणि बोटाला पाठ झालेली ठिकाणे बदलतात. हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पोस्टकार्डाचे २४ सारखे चौकोनी तुकडे करून त्यांवर वेगवेगळी अक्षरे लिहावीत, रांगांत मांडावीत आणि एक अक्षर सांगून ते शोधायला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजावा. मग तुकडे आठच ठेवून पाहावे. आणि मग २४ पैकी एकच तुकडा लाल करून तोच शोधायला सांगावा. अक्षर शोधताना तुकड्यांबरोबर वेळ वाढतो. लाल तुकडा मात्र आठांत असो की चोविसांत, डोळ्यांत भरतो. पण गंमत पुढे आहे. आणखी दहा तुकडे वेगवेगळ्या भडक रंगांचे केले की लाल तुकड्याचे तेज जाते. एक विजेट पटकन दिसते, पण सहा विजेट एकमेकांना झाकतात. ज्यांनी पडदा भरून टाकला आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

लक्ष न वेधताही माहिती देता येते याचे एक सुंदर उदाहरण कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातले आहे. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी ते १९९५ साली वर्णन केले. नॅटली जेरेमिजेन्को या कलावतीने तेथे आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी छताला एका छोट्या विद्युत मोटरवर टांगली आणि ती मोटर संगणक जोडणाऱ्या तारेशी जोडली. तारेतून माहिती गेली की दोरीला हलकासा झटका बसे. जाळ्यावर वर्दळ असली की ती गरगर फिरून आवाज करी. शांतता असली की काही सेकंदांनी एखादी हालचाल. काम करणाऱ्यांना मान वर करावी लागत नसे. ना आकडा, ना अक्षर. घरी चुलीवरच्या भाताच्या झाकणाचा आवाज ऐकून आई दुसऱ्या खोलीतून ओळखते, त्यातलाच हा प्रकार.

या कसोटीला आजची कित्येक विजेट मुळीच उतरत नाहीत. बातम्यांची चौकट अर्धा मथळा दाखवते आणि उरलेला वाचायला आत बोलावते. जुन्या छायाचित्रांची चौकट दर वेळी नवे चित्र काढते. काही स्वस्त फोन दुकानातून येतात तेव्हाच त्यांच्या पडद्यावर अशा चौकटी बसवलेल्या असतात, आणि त्या काढता येतात हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात हजेरीऐवजी कोणी अर्धवट विनोद लिहून ठेवला तर वर्गाचे काय होईल? नजर टाकली आणि काम संपले, तर ते विजेट. नजर टाकली आणि काम सुरू झाले, तर ती जाहिरात. २०२३ पासून आयफोनच्या विजेटवर बोट टेकवून कामाच्या यादीतील नोंद खोडता येते. तेवढे आम्हाला मान्य आहे, कारण तेथेही काम संपते.

तेव्हा फायदा होतो का? होतो, पण दोन-तीन विजेटपुरताच आणि स्वतः निवडलेल्या. आमच्या फोनवर सध्या तारीख, बॅटरी आणि भरती-ओहोटी एवढेच आहे. त्यातली भरती-ओहोटी, खरे सांगायचे तर, गरजेपेक्षा हौसेची. हवामानाची चौकट आम्ही काढलेली नाही, शेवटच्या पानावर नेऊन ठेवली आहे, ती पुढील कामासाठी.

हे काम कोणत्याही दोन शाळांना मिळून करता येईल. एक घाटाखालची, एक घाटावरची असेल तर फारच छान. पंधरा दिवस रोज दुपारी बारा, एक आणि दोन वाजता सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर टांगलेल्या तापमापीचे वाचन घ्यावे आणि त्याच मिनिटाला फोनवरच्या चौकटीतला आकडा शेजारी लिहावा. तिसऱ्या रकान्यात चौकट शेवटची केव्हा बदलली ते लिहावे. ते तिच्यावर दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ असे लिहावे. तापमापी भिंतीला किंवा पत्र्याला टेकू देऊ नये. दोन्ही शाळांचे आलेख एकाच कागदावर काढून आमच्याकडे पाठवले तर त्यांवर पुढे जरूर लिहू.