तीनचा चहा

गुरुवारी रात्री फोनवर मित्राचा निरोप आला. 'सँडीमाउथ. शनिवार. ओहोटी 1. लाट 4 फूट, 13 सेकंद. वारा पूर्वेचा, हलका. 3 ला चहा.' फळी घेऊन लाटांवर उतरण्याच्या सहलीचा सगळा बेत एवढ्यात आटोपला होता. आधी ती वाण्याची यादी वाटली. मग एकेक शब्द उलगडत गेला.

सँडीमाउथ कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, बूड गावापासून तीन-चार किलोमीटर वर. गर्दी बूडमध्ये थांबते, कारण इथे येणारा रस्ता अरुंद आहे आणि भरतीला वाळू जवळजवळ नाहीशी होते. उरतात गोटे आणि त्यांच्यामागे चुण्या पडलेल्या कापडासारखे दुमडलेले, तीस कोटी वर्षांहून जुने कडे. म्हणजे इथला निवांतपणा दिवसातून काही तासच उघडा असतो, आणि त्या तासांचा हिशेब पुढच्या दोन शब्दांत आहे.

'ओहोटी 1.' मित्राच्या कोष्टकात 12 छापलं होतं. ते ग्रिनिच वेळेचं. सप्टेंबरात घड्याळं तासभर पुढे असतात, तो तास त्याने न बोलता मिळवून टाकला. आणि शनिवारच का? त्या दिवशी द्वितीया होती. उधाण नेमकं पौर्णिमेला कळस गाठत नाही, एक-दोन दिवस मागून गाठतं. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने द्वितीयेला दीडच्या सुमारास समुद्र काठोकाठ भरलेला असायचा. चंद्र तोच, पण इथे त्याच सुमाराला समुद्र सर्वांत दूर जातो. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर ओहोटी दुपारीच येते. सर्वांत रुंद वाळू आणि डोक्यावरचं ऊन एकाच वेळी मिळावं, हा योग त्याने तिथी पाहून साधला होता.

नवशिका '4 फूट' वाचून खूश होतो. जाणता आधी '13 सेकंद' वाचतो. चार फुटांची लाट सात सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याची खळबळ. तेरा सेकंद म्हणजे दूरच्या अटलांटिक वादळाची लाट. खोल पाण्यात दोन शिखरांमध्ये सुमारे 260 मीटर अंतर, आणि लाटांच्या तांड्याचा वेग ताशी 36 किलोमीटरच्या आसपास. निरोप लिहिला गेला तेव्हा शनिवारच्या लाटा तेरा-चौदाशे किलोमीटर दूर होत्या. न आलेल्या पाहुण्यांची त्याने वेळेसकट नोंद करून ठेवली होती!

वाऱ्याबद्दल थोडक्यात. किनारा पश्चिमाभिमुख, म्हणून पूर्वेचा वारा जमिनीवरून येऊन लाटेच्या तोंडावर वाहतो आणि तिला लवकर कोसळू देत नाही. 'हलका' हा शब्द मात्र सोडू नये. जोराचा वारा फळीवरच्या माणसाला समुद्राकडे ढकलतो. त्या एका विशेषणात मित्राची सगळी काळजी आहे.

शेवटी चहा. हे शब्द मला निव्वळ गंमत वाटले होते. पण समुद्र सारख्या चालीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. ओहोटी एकला, म्हणजे तिसरा तास तीनला सुरू. उधाणाला इथलं पाणी सहा मीटरांहून जास्त चढतं. त्यातलं निम्मं तीन ते पाचमध्ये, आणि मागे ते कडे. 'तीनच्या आत बाहेर ये, नाहीतर अडकशील' असं लिहिलं असतं, तर मी दोनपासून घड्याळ बघत बसलो असतो आणि लाटा हुकल्या असत्या. त्याने चहा लिहिला. पावणेतीनला मी आपण होऊन फळी काखेत मारली, ओल्या वाळूतून वर आलो, आणि कप हातात घेऊन वळलो तेव्हा मघाशी उभा होतो ती जागा पाण्याखाली जात होती.