‘न्यूटन’ : बंदुकीच्या छायेंतील मतदान

छत्तीसगडच्या दंडकारण्यांतील एका वस्तींत अवघे ७६ मतदार. त्यांचीं मतें घेण्यास गेलेला एक नियमनिष्ठ कारकून आणि त्याच्या रक्षणास दिलेली सशस्त्र तुकडी, इतक्याच सामग्रीवर श्री. अमित मसुरकर यांनीं २०१७ सालीं ‘न्यूटन’ हा हिंदी बोलपट उभारला. शिपाई गांवकऱ्यांस घरांतून काढून केंद्रावर आणतात. उमेदवार कोण हेंही ठाऊक नसलेल्या त्या लोकांस, यंत्र म्हणजे एक खेळणें आहे, वाटेल ती कळ दाबा, असें तुकडीचा अधिकारी सांगतो. प्रसंग विनोदी खरा. पण हंसतां हंसतां प्रेक्षक ओशाळतो. श्री. पंकज त्रिपाठी यांनीं हा अधिकारी खलपुरुष होऊं दिला नाहीं, हें विशेष.

शेवटीं मात्र आमचें मन साशंक होतें. वाटेंत भेटलेल्या चौघांस मत देतां यावें म्हणून नायक स्वतःच शिपायांवर बंदूक रोखतो! निर्भय मतदानासाठीं भय घालावें लागावें, ही विसंगति दिग्दर्शकानें नुसती दाखविली. तिच्या मुळाशीं तो गेला नाहीं. मतदारही बहुतेक मुकेच राहिले. त्यांची भाषा जाणणारी शिक्षिका मलको तेवढी त्यांच्या वतीनें बोलूं शकली असती. पण तिला पटकथेनें फारच थोडा अवकाश दिला आहे.