साधेपणाची किंमत

शुभेच्छापत्रावर, आकाशकंदिलावर, नाहीतर चहाच्या कपावर वारली चित्र दिसले नाही, अशी दिवाळी आता विरळाच. ती पांढरी, चिमुकली माणसे पाहून आपल्या तोंडून एकच उद्गार निघतो : 'किती साधे!' या एका शब्दाविषयीच मला तक्रार करायची आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना मराठी शिकवता शिकवता माझी खात्री होत चालली आहे, की हा शब्द फार महाग आहे. आणि त्याची किंमत भरणारे लोक तो उच्चारणारे नव्हेत.

मूळ चित्र कसे होते ते पाहू. लग्नघरातली कुडाची भिंत शेणाने सारवून गेरूने लाल करायची. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिची कुंचली करायची आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. होय, 'लिहायचा', वारली माणूस चौक काढत नाही, लिहितो. मध्ये पालघट देवी. तिच्यापुढे धवलेरीची गाणी. म्हणजे ही भिंतीची शोभा नव्हे, लग्नाचा विधी आहे. त्रिकोणावर त्रिकोण ठेवून माणूस उभा करणे सोपे आहे, हे मी मान्य करतो. पण अक्षरे गिरवणेही सोपेच असते. तेवढ्यावरून ज्ञानेश्वरीला कोणी साधी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही.

बायका हे लिहीत होत्या तोवर त्याला कोणी 'काम' म्हटले नाही, की खाली कोणाची सही आली नाही. 1970 नंतरच्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि डहाणूकडचे जिव्या सोमा मशे जगाला ठाऊक झाले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी रंगवलेले मासेमारीचे जाळे ज्याने निरखून पाहिले असेल, त्याच्या तोंडून 'साधे' हा शब्द निघणे कठीण. त्यातली एकेक बारीक रेघ म्हणजे चिकाटीचा हिशेब आहे. पण आपण समीक्षक मात्र 'सहज', 'निरागस', 'आदिम' या विशेषणांपलीकडे गेलो नाही. जे सहज येते त्याला मजुरी कशाला, असा व्यवहारी माणसाने त्याचा अर्थ लावला, तर त्याला दोष कसा द्यावा?

आता तर संगणकाला 'वारली पद्धतीचे चित्र दे' म्हटले, की क्षणात चित्र हजर होते. यंत्रावर माझा राग नाही. भाताची गिरणी आली तेव्हा मुसळासाठी कोणी रडल्याचे मी ऐकले नाही. कंबर मोडणारे काम यंत्राने खुशाल न्यावे. पण इथे उलटेच घडते आहे. दिवाळी सरली, की आमच्याकडची कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. चिखल तुडवणे माणसाकडे राहिले आणि चौक लिहिणे यंत्राकडे गेले!

कायदा आहे, नाही असे नाही. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाची राखण होते. 1957 चा लेखाधिकाराचा कायदा एखाद्याच्या विशिष्ट कृतीला जपतो. एका सबंध जमातीने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली रीत त्याच्या मापात बसत नाही. 1945 साली वारली वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा सांगितला आहे. राबवून घ्यायचे आणि मोल द्यायचे नाही, याला तेव्हा सरळ वेठ म्हणत. आज आपण त्याला कौतुक म्हणतो, एवढाच फरक.

गेल्या दिवाळीत एका परिचितांनी मला यंत्राने काढलेले शुभेच्छाचित्र पाठवले. मधोमध तारपा नाचाचा घोटीव, बंद गोल. कोपऱ्यात शोभेला तारपा वाजवणारा. मला ते आवडले होते, हे कबूल करतो. सातवीतल्या एका मुलीला मी ते दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तारपावाला भायेर ठेवलाय. मंग ही माणसं कुणाच्या मागं नाचतात?"

मी पुन्हा पाहिले. तारपावाला वळेल तसे सगळ्यांनी वळायचे, त्याला पाठ दाखवायची नाही, ही त्या नाचाची रीत. चित्रात गोल बिनचूक होता. पण ज्याच्यासाठी तो धरायचा, तोच गोलाबाहेर होता. वारली चित्रांविषयी मी पुष्कळ वाचले आहे. इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

यंदाही त्या मुलीचे आईबाप दिवाळीनंतर भट्टीवर जायचे आहेत. तिला बरोबर न्यायचे की शाळेत ठेवायचे, हे अजून त्यांचे ठरलेले नाही.